शाळा दाखवायचा दिवस

खिडकीचे पडदे शाळेच्या अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने ओढून घेतले. एरवी ते आपल्या बियाण्यांच्या दुकानातून हलत नसत. पण आज नव्या पालकांना शाळा दाखवायची होती, आणि चर्चच्या समितीने स्पष्ट सांगितलं होतं की यंदा नवी मुलं आली नाहीत तर शाळेला कुलूप.

"आज मुलांना बाहेर काढायचं नाही," ते मुख्याध्यापिकेच्या कानाशी कुजबुजले. "फादर आहेत, खांदेकरी आहेत, ते उरकतील सगळं. पालक बिचकतील उगाच."

मुख्याध्यापिका, म्हणजे मुलांच्या मोठ्या बाई, फळा पुसत राहिल्या. अध्यक्षांनी त्याचा आपल्या सोयीचा अर्थ घेतला.

पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. बाईंनी त्यांना शाळा सांगितली. खोली एकच, तिच्यातच सगळे वर्ग. थोरल्यांनी धाकट्यांना सांभाळायचं, बाहेर पडताना त्यांचा हात धरायचा, त्यांची बेरीज चुकली तर हसायचं नाही.

"आणि हसले तर?" एका आईने विचारलं. नवरा-बायको शहरातून नुकतेच गावात राहायला आले होते. मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी होती.

"मग मी थोरल्यांना भागाकार घालते," बाई म्हणाल्या. पालक हसले. अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ती मुलगी मांडीवरून घसरली आणि पडद्याखालून खिडकीशी गेली. "खड्डा," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. शाळेचं मैदान संपतं तिथूनच चर्चची दफनभूमी सुरू होते, मध्ये साधं कुंपणही नाही. पडदा बाजूला झाला होता आणि ताज्या मातीचा ढीग सरळ दिसत होता.

"पाण्याची पाइपलाइन," अध्यक्ष झटकन म्हणाले. "नवीन टाकतोय. बऱ्याच सुधारणा चालू आहेत."

भिंतीशी सतरंजीवर बसलेली मुलं एकमेकांकडे बघू लागली. पुढचे दात पडलेल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, बटणमावशीला तिथेच ठेवणार ना?"

बटणमावशी शाळेची झाडलोट करायची. कुणाचं बटण तुटलं की पोराच्या अंगातला सदरा न काढताच टाके घालायची, आणि हललास तर पोटाला शिवीन म्हणायची. परवा ती गेली. तिच्या मागेपुढे कुणी नव्हतं.

अध्यक्षांनी त्या मुलीवर डोळे वटारले. तिने मान खाली घातली, आणि बाईंचं डोकं फिरलं. खरं बोलणाऱ्याने मान खाली घालावी, असं त्यांच्या वर्गात आजवर झालं नव्हतं.

"हो, तिथेच," त्या म्हणाल्या आणि सगळे पडदे उघडून टाकले. मग पालकांकडे वळल्या. "अध्यक्षांनी थाप मारली. ती कबर आहे. गावात कुणीही गेलं की आमची मुलं चर्चच्या दारापासून सोबत जातात, एकेक मूठ माती देतात. आज आमच्या मावशीला पोचवायचंय. तुम्हाला यायचं तर या."

"एवढ्या लहान मुलांना प्रेताबरोबर नेता?" त्या मुलीच्या वडिलांचा आवाज चढला.

"तिने यांची नाकं पुसलीत. तिला खाली उतरवताना ही मुलं इथे पाढे म्हणत बसणार नाहीत."

"बाई, शाळा बुडेल," अध्यक्ष दात आवळून म्हणाले.

"बुडेल तेव्हा बुडेल. रांग करा रे."

थोरल्यांनी धाकट्यांचे हात धरले. दात पडलेल्या मुलीच्या वाट्याला कुणी धाकटं उरलं नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सवयीने खिडकीतल्या त्या नव्या मुलीचा हात धरला. ती अजून आपल्या शाळेची नाही, हे तिच्या गावीही नव्हतं. आईवडिलांच्या लक्षात येईपर्यंत रांग दाराबाहेर गेली.

फादरांची प्रार्थना झाली. शवपेटी खाली उतरली. मुलं ढिगातली मूठभर माती उचलून एकेक करून पुढे जात होती. बाकीचे पालक शाळेच्या फाटकाशी जरा घुटमळले, मग एकमेकांकडे न बघता निघून गेले. नवी मुलगी खड्ड्यापाशी पोचते न पोचते तोच वडिलांनी ताडताड येऊन तिला उचललं आणि गाडीकडे नेलं. आई मागून धावली.

"नीट शाळासुद्धा दाखवली नाहीत तुम्ही त्यांना," अध्यक्ष म्हणाले.

"दाखवली की." बाईंनी गाडीकडे पाहिलंही नाही. "याहून जास्त काही नाहीये आमच्याकडे."

रस्त्यावर वडिलांनी गाडी सुरू केली. आई रुमाल घेऊन मुलीचा हात पुसायला बघत होती, पण मुलगी मूठ उघडेना. "टाक ती माती," वडील म्हणाले. तिने हात पाठीमागे घेतला. आईने तिचं एक बोट सोडवून पाहिलं, मग थांबली. नवऱ्याशी काहीतरी बोलली. त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. तिने गाडीचं दार तसंच उघडं टाकलं आणि मुलीला कडेवर घेऊन फाटकातून पुन्हा आत आली.

अध्यक्ष हसतमुखाने पुढे झाले.

"प्रवेशाचं काय ते नंतर बघू," तिने त्यांना हातानेच बाजूला केलं. "हिची मूठ राहिलीय."