जांभळी सही

बॅलरटच्या माहेरी लेस्टरनं, माझ्या भावानं, भिंतीवरचा जुना वॉलपेपर वाफ देऊन सोलला, तर खाली माझ्या नवऱ्याची सही निघाली. कागद लावणारे कारागीर ती करतातच, पण ही जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीची, ओल लागली की पाझरणाऱ्या शिशाची होती. पांढऱ्या रंगाचे तीन हात मारले तरी वर येत राहिली. याच खोलीत लेस्टरनं मला बजावलं होतं, "त्या कागदचिकट्याचं नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही!" नवऱ्याच्या मातीलाही तो आला नाही. "उद्या घर बघायला गिऱ्हाईक येतंय गं, काय करू?" "चष्मा विसरले रे. काय लिहिलंय?" "क्लेम," तो दातओठ खात म्हणाला. "मोठ्यानं." "क्लेम!" चपडा लाखेचा एक हात मारला की ते जांभळं कायमचं दबतं, हे क्लेमनंच मला शिकवलेलं. डबा माझ्या गाडीतच होता. मी म्हटलं, "पांढऱ्याचा आणखी एक हात मार."