समुद्राचा परवाना

"घे," प्रीडिक म्हणाला आणि त्याने समुद्राचा परवाना हाइनोच्या पुढे धरला.

हाइनो पोलिसात होता. ओव्हरकोट घालून, टोपी कानांवर ओढून तो दफनभूमीच्या फाटकात उभा होता. नाताळची संध्याकाळ होती, आणि सोविएत सरकारला नाताळ चालत नव्हता. सारेमा बेटावर या दिवसांत दुपार सरता सरताच अंधार पडतो. मागे रस्त्याच्या कडेला गावातली माणसं थांबली होती. कुणी बुटांवरचा बर्फ झटकत होतं, कुणी उगाच सायकलची साखळी बघत होतं. मेणबत्त्या सगळ्यांच्या खिशात होत्या. या संध्याकाळी आपल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्ती लावायची, हे बेटावर कुणाला शिकवावं लागत नाही. पण फाटकातून आत कुणी जात नव्हतं.

"हे कशाला, काका?" हाइनोने विचारलं.

"काल मच्छीमार संघात अध्यक्षांनी काय सांगितलं? जो मेणबत्ती लावील त्याचा परवाना जाईल. मग माझ्या घरापर्यंत गाडी कशाला पाठवता? आत्ताच घे. सोविएत सरकारचं पेट्रोल वाचेल."

रस्त्यावर कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

समुद्रापलीकडे स्वीडन आहे. कुणी तिकडे पळून जाऊ नये म्हणून परवान्याशिवाय इथली होडी हलत नाही. किनाऱ्यावरची वाळूसुद्धा शिपाई दंताळ्याने सारखी करून ठेवतात, कुणी पाण्याकडे गेलं तर पाऊल दिसावं म्हणून. प्रीडिकला मासे धरण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. हाइनो शेजारच्याच घरात वाढलेला. त्याला हे ठाऊक होतं.

"घरी जा, काका," तो हळू आवाजात म्हणाला. "मीलीकाकू काही बघायला येणार नाहीत."

"माहीत आहे मला. सप्टेंबरात मीच पुरलं तिला."

हाइनोने टोपी आणखी खाली ओढली. मग म्हणाला, "आणि परवाना मला असा घेता येत नाही. वरून हुकूम यावा लागतो."

"मग हुकूम येईपर्यंत सांभाळ."

प्रीडिकने परवाना त्याच्या हातात कोंबला आणि आत चालू लागला.

हाइनो परवान्याकडे बघत राहिला. दुसऱ्याचा समुद्राचा परवाना, ना हुकूम, ना पावती. खिशात सापडला तर काय सांगायचं? कुठे पडला तर त्याहून वाईट. त्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा आत पाहिलं, आणि तो धावला.

"काका, थांबा. परत घ्या हा. ऐका ना माझं."

तो घसरला, एका क्रुसाला धरून सावरला आणि परत धावू लागला.

दूध गोळा करणारी आल्मा सायकल टेकवून हे बघत होती. "माणसाच्या मागे पोलीस धावताना पाहिलाय," ती म्हणाली. "विनवण्या करत धावताना आजच पाहिला."

कुणी हसलं नाही. सगळ्यांचं लक्ष फाटकाकडे गेलं होतं. फाटकात कुणी नव्हतं.

"थंडीत उभं राहून माझे पाय गेले," असं म्हणून आल्मा आत शिरली.

मीलीच्या कबरीवर अजून दगड बसवला नव्हता. लाकडी क्रूस होता आणि फर झाडाच्या फांद्या होत्या. प्रीडिकने टोपी काढून ठेवली, गुडघे टेकले, बर्फात खड्डा करून मेणबत्ती रोवली. काडी ओढली. समुद्रावरून वारा येत होता, काडी विझली. त्याने दुसरी ओढली. तीही विझली.

हाइनो धापा टाकत येऊन पोचला.

"धरा हा. मी काही पाहिलं नाही. तुम्ही इथे आलाच नव्हतात. झालं?"

"पण मी आलोय."

"काका, तुम्हाला समुद्रावर जायचं नाही का?"

प्रीडिकचा हात काड्यापेटीवर थांबला.

"जायचंय," तो म्हणाला. "घरात बसवत नाही आता. फार जायचंय."

"मग घ्या ना."

"नाही. समुद्र राहू दे त्यांच्याकडे." त्याने फांद्यांवर हात ठेवला. "एवढी जागा माझी आहे. इथे मी कुणाला विचारणार नाही."

मागे भिंतीजवळ आल्मा कुणाला तरी म्हणत होती, "काड्या कशाला जाळतोस, माझ्या मेणबत्तीवरून लाव की." हाइनोने वळून पाहिलं. भिंतीजवळ एक मेणबत्ती लागली होती. तिच्या शेजारी दुसरी. फाटकाकडून माणसं खाली माना घालून आत येत होती आणि आपापल्या कबरीकडे जात होती. हाइनोच्या छातीवर शिट्टी लटकत होती. त्याने ती मुठीत धरली.

"उद्या मला हा जमा करावा लागेल, काका. सगळं सांगावं लागेल."

"सांग. माझं नाव नीट सांग."

प्रीडिकने पुन्हा काडी ओढली. या वेळी वात पेटली, पण ज्योत आडवी पडली, निळी झाली.

"आलाच आहेस तर वाऱ्याच्या बाजूला उभा राहा," तो म्हणाला.

हाइनोने शिट्टी सोडली. तो क्रुसाच्या पलीकडच्या बाजूला गेला. तरी वारा त्याच्या पायांमधून येतच होता. मग तो खाली बसला, परवाना उघडला आणि ज्योतीच्या आड धरला.

"जरा खाली धर," प्रीडिक म्हणाला.