किटलीच्या टोप्या

तपासणीच्या टेबलावर कालच्या शिलाईतल्या बावीस टोप्या पडल्या होत्या आणि त्यातली एकही किटलीला बसत नव्हती. चहा गरम राहावा म्हणून किटलीवर चढवायच्या, आत कापूस भरलेल्या कापडी टोप्या त्या. तोटीसाठी एक फट, कानासाठी दुसरी, खालून मोकळ्या. इथे मात्र कुठे तोटीची फट शिवून टाकलेली, कुठे खालचं तोंडच बंद. त्यांच्या तर सरळ उश्या झाल्या होत्या.

"काकू, हे तुमचं काम?" मालकीणबाईंनी विचारलं.

काकूंनी एका टोपीवर बोटं फिरवली. "टाका माझाच आहे. पण रोज शिवते तश्शाच शिवल्यात हो मी."

मालकीणबाईंनी टोपी दोन हात लांब धरली. "फट कुठे आहे, सांगा बघू."

काकूंनी बोट दाखवलं. तिथे नुसतं कापड होतं. बिचाऱ्या ओशाळल्या. दोन-तीन वर्षं झाली, असंच धूसर दिसतं, म्हणाल्या.

आता चक्रावल्या त्या मालकीणबाई. तीन वर्षांत काकूंची एकही टोपी परत आली नव्हती. मशीन तेच, कापड तेच, खिडकीजवळची जागा तीच. मग कालच काय झालं? काकूंनाही ते उमगेना. बोटांना सवय आहे म्हणून जमतंय, अशीच त्यांची समजूत होती. पण नजर गेली की मशीन सोडायचं, हा कारखान्याचा नियम. आणि घरी काकूंची वाट बघणारं कोणी नव्हतं. त्या आपली कात्री पिशवीत भरू लागल्या.

तेवढ्यात करवत आत आली. हे तिचं खरं नाव नव्हे, जिभेमुळे पडलेलं. काकूंनी शिवलेल्या टोप्यांचे लोंबते दोरे कापायचे आणि त्या पुढे तपासणीला पाठवायच्या, एवढंच तिचं काम. खिडकीच्या जागेवरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून अबोला. काल ती रजेवर होती.

तिने टेबलाकडे पाहिलं. काकूंच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीतली कात्री काढून तिने मशीनवर आपटली.

"बस खाली," ती काकूंना म्हणाली. मग सगळा ढीग स्वतःकडे ओढला आणि पहिल्या टोपीचे टाके उसवायला घेतले.

"बावीसच? रोज तिसेक असतात."