एकशे चाळीस नंबरची बाई

नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात सापडलेली चिठ्ठी शिंपीणबाईनं तिसऱ्यांदा वाचली. 'फाईल नंबर १४०. छातीचे दोन्ही इम्प्लांट काढून नवे बसवणे. गुरुवार, सकाळी दहा.' खाली, सोबत येणार म्हणून, नवऱ्याची सही. बाईचं नाव कुठंच नव्हतं. बायकांना संकोच नको म्हणून त्या दवाखान्यात सगळा कारभार नंबरावर चाले.

म्हणजे आधीचे होतेच, आणि आता नवे! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गिऱ्हाइकाचं माप ती नुसत्या नजरेनं सांगायची. तिच्या स्वतःच्या बाबतीत देवानं हात आखडता घेतला होता, हे आरसा रोज सांगायचा. महिनाभर नवरा गॅलरीत जाऊन फोनवर कुजबुजत होता, "माझ्या घरी कळता कामा नये, एवढं बघा."

आतल्या खोलीत सासूबाई बॅग भरत होत्या. चार दिवस लेकीकडे निघाल्या होत्या. स्वतःच शिवलेला सैल झगा त्यांनी घडी करून ठेवला. सुनेला त्यांनी कधी माप घेऊ दिलं नव्हतं.

"आई, यांचं बाहेर काहीतरी आहे."

सासूबाईंचा हात थांबला. "काहीतरीच काय! तू या घरात यायच्या आधी माझ्या आजारपणात वर्षभर उशाशी बसून होता तो. असला माणूस बाईच्या नादी लागेल?"

"तुम्ही त्यांचीच बाजू घेणार."

"घेते, जा. पण चार दिवस त्याला काही विचारू नकोस. माझ्यासाठी."

सुनेनं मान डोलावली. नवऱ्याला विचारायचं नाही, एवढंच कबूल केलं होतं.

बुधवारी दुपारी घर रिकामं झाल्यावर तिनं चिठ्ठीवरचा फोन लावला.

"एकशे चाळीस बोलतेय. उद्याचं ऑपरेशन मला नको."

"अहो बाई, आतून फुटलंय एक. दुखत नाही का?"

"माझं दुखणं माझ्यापाशी."

"डॉक्टर परवा परदेशी चाललेत. मग तीन महिने तारीख मिळायची नाही. नक्की ना?"

"नक्की. दुसऱ्या कुणाला द्या माझी जागा."

फोन ठेवला आणि तिच्या जिवाला गारवा वाटला. बस म्हणावं आता कळा सोसत! त्या दुपारी मशीन नुसती धावत होती.

गुरुवारी नवरा गुळगुळीत दाढी करून आठलाच बाहेर पडला. तिनं हसून चहा दिला.

साडेबाराला बेल वाजली. दारात सासूबाई, हातात बॅग. मागे नवरा, मान खाली घालून.

"आई? दोन दिवसांतच परत?"

सासूबाई छातीशी हात धरून कशाबशा खुर्चीवर टेकल्या.

"दारातूनच परत पाठवलं गं मला. म्हणे, काल तुम्हीच फोन करून ऑपरेशन नको म्हणालात."