दर्शनी भिंत

एड्सची माहिती गावोगावी भिंतींवर लिहायला संस्थेनं गौतमीला रंगाचे चार डबे आणि एक पेंटर दिला होता. भिंती मात्र तिनंच शोधायच्या होत्या. शिरूरकडच्या एका कंपनीचा साहेब म्हणाला, "आमचे कामगार तसले नाहीत, मॅडम." दौंडकडच्या एका सरपंचांनी सिमेंटच्या जाहिरातीला अख्खी चावडी दिली होती, पण हिला म्हणाले, "ताई, गावाचं नाव खराब हुईल."

शेवटी भीमाकाठच्या एका वस्तीवर पार्वतीबाई नावाची म्हातारी मेंढरांमागची जुनी काठी टेकत पुढं आली आणि तिनं स्वतःच्या घराची दर्शनी भिंत दाखवली. "हितं लिवा. कुनाच्या तरी पोराच्या कामी यील."

पेंटरचं लिहून होईस्तोवर म्हातारी उन्हात उभीच होती. मग म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई. तू वाचून दाव, बाई."

ओल्या अक्षरांखालून बोट फिरवत गौतमीनं वाचलं, "सोबत जेवल्यानं, हात लावल्यानं एड्स होत नाही."

"खरं हाय हे?"

"व्हय आजी, अगदी खरं."

म्हातारीनं हातातली काठी उचलून डोळ्यांसमोर धरली.

 

"मंग माझ्या पोराचं ताट मी सालभर ह्या काठीनं का गं सरकवलं?"