दारावरचा कागद

पहिली घंटा झाली तेव्हा नाटकात कवीच्या बायकोचं काम करणाऱ्या रालित्साला दारावरचा कागद दिसला.

दार रंगमंचावरचं, प्लायवूडचं. कागद मात्र गावात कुणी वारलं की घराच्या दारावर लागतो तसाच: काळी चौकट, वर क्रॉस, मधे फोटो. फोटो तिच्या लेकीचा, कालिनाचा होता.

"मेतोदीकाका, हा टेबलावरच्या फ्रेमसाठी म्हणून मागितला होतात."

"टेबलच काढून टाकलं ना साहेबांनी." नेपथ्य सांभाळणारा मेतोदी खिळे गोळा करत होता. "नाव तर कवीच्या मुलीचंच छापलंय. कोण ओळखतंय?"

"तिला सकाळपासून ताप आहे."

कवीच्या आईचं काम करणाऱ्या नादकामावशी तीनदा थू थू करून म्हणाल्या, "काढ बाबा तो. जिवंत लेकराचा लावतात का कुणी?"

"कसली सभा भरलीय?" दिग्दर्शक ओग्न्यान विंगेतून आला. त्याने ऐकून घेतलं. "बायको कागद वाचते, बाजूला होते. मग कवी त्यासमोर उभा राहून ती कविता म्हणतो. लोक त्यासाठी येतात. आता दुसरा कुठून आणू? आणि तिसऱ्या रांगेतून दिसणार कुणाला?"

"मला दिसणार."

"मग बरंच आहे. डोळ्यांत पाणी आणायला वेगळं काही करायला नको."

दुसरी घंटा झाली. रालित्साने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसरी घंटा झाली.

दुसऱ्या अंकात ती त्या दारापाशी आली. नाव मोठ्यांदा वाचायचं होतं. कागदावरून कालिना खालचे दोन दात दाखवत हसत होती. रालित्साने नाव वाचलंच नाही. तिने कागद ओरबाडून काढला, मुठीत चुरगाळला आणि आत निघून गेली.

कवी आला. मोकळ्या दारासमोर उभा राहिला. त्याला पहिली ओळ आठवेना. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही, आणि मग कवितेच्या आधीच टाळ्या पडल्या.

मध्यंतरात सासूबाईंनी फोन उचलला. "आत्ताच उतरला ताप. घामाघूम झाली आणि झोपली. किती फोन करतेस गं, उठेल ना ती."

रालित्सा मेकअपच्या खोलीतल्या खुर्चीवर बसते न बसते तोच ओग्न्यान दारात आला, मागे मेतोदी.

"हे कसं सुचलं नाही मला? बाई, रोज अस्साच फाडायचा." मग मेतोदीकडे वळून म्हणाला, "उद्यापासून प्रत्येक प्रयोगाला नवा छापून घ्या. फोटो तोच."

मेतोदीने तिच्याकडे पाहिलं नाही. दोघं गेले.

खोलीत कचऱ्याची टोपली होती, पेटलेली शेगडी होती, घरी न्यायची तिची पर्स होती. रालित्सा तो चुरगाळलेला कागद मुठीत घट्ट धरून तिन्हींच्या मधे उभी राहिली.