काम पूर्ण

कालव्याकाठच्या बालोद्यानाचं फाटक मोडल्याची तक्रार ग्रीने तिसऱ्यांदा केली. नगरपालिकेची रीत सोपी होती. फोटो काढायचा, खाली 'काम पूर्ण' लिहायचं आणि कॉफी प्यायला बसायचं.

याही वेळी पालिकेकडून आलेल्या फोटोत फाटक उघडंच लोंबत होतं. पण त्यापलीकडे, पाण्यात उतरणाऱ्या पायरीवर, तिची चार वर्षांची मुलगी लीवा पाठमोरी उभी होती. पायांत नुसते पिवळे मोजे.

लीवा तर चार दिवस तापाने अंथरुणातच होती.

ग्रीने पालिकेतल्या प्रेबेनला फोन लावला. "फोटोत माझी मुलगी कशी आली?"

"कुणी नाही गं फोटोत. फाटक आहे, झकास."

"झकास? अहो, आंधळ्यालाही दिसेल की ते उघडं आहे!"

"तुम्हा तरुण आयांना जिकडेतिकडे पाणीच दिसतं. थांब, ताजा फोटो टाकतो. तेवढंच तुझं समाधान."

दहा मिनिटांत फोटो आला. फाटक तसंच उघडं. पायरी रिकामी होती आणि पुढच्या पाण्यावर वर्तुळं पसरत चालली होती. खाली लिहिलं होतं, 'काम पूर्ण.'

आतल्या खोलीतून लीवाने हाक मारली, "आई, माझे मोजे ओले झालेत."